कुठल्या देशाचे लढाऊ पायलट भारी? क्रमवारी लावण्याआधी थोडं

प्रश्न असा आलाय: ‘भारतीय लढाऊ पायलट जगात एक नंबर, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. अमेरिका, इस्रायल, रशिया, चीन, पाकिस्तान यांच्या तुलनेत खरी क्रमवारी काय? माझा भाचा बारावीत आहे, त्याला हवाई दलातच जायचंय, म्हणून विचारतोय.’

मी बावीस वर्षं फायटर उडवली, त्यातली शेवटची सात-आठ शिकवण्यात गेली. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. तरुणपणी मी ‘अर्थात आपणच’ म्हणून मोकळा व्हायचो आणि जिलबीचा आग्रह दुप्पट व्हायचा. आता तसं उत्तर देववत नाही.

आधी एका माणसाची गोष्ट सांगतो. सैफुल आझम. मूळचा बंगाली, पाकिस्तानी हवाई दलातला. १९६५ च्या युद्धात सेबर या अमेरिकी बनावटीच्या जेटमधून त्याने आपलं एक नॅट, म्हणजे छोटं लढाऊ विमान, पाडलं. जून १९६७ मध्ये, अरब-इस्रायल युद्धात, तो जॉर्डनमध्ये होता, तेव्हा जॉर्डनच्या हंटर लढाऊ विमानात बसून त्याने इस्रायली विमान पाडलं. दोनच दिवसांनी इराकमधून, इराकच्या हंटरमध्ये बसून, आणखी इस्रायली विमानं पाडली. पुढे बांगलादेश झाल्यावर तिथल्या हवाई दलात गेला. चार हवाई दलं, हात तेच. आता हा तुमच्या क्रमवारीत कुठल्या देशाच्या खात्यात टाकायचा?

आजकाल तर ‘अमक्या देशाचा पायलट’ हा प्रकार आणखीच सैल झालाय. अमेरिकेत टेक्सासमधल्या शेपर्ड तळावर १९८१ पासून नाटो देशांची संयुक्त जेट शाळा चालते. जर्मन, डच, इटालियन, नॉर्वेजियन मुलं तिथे एकाच वर्गात बसतात. सिंगापूरला स्वतःचं आकाश जेमतेम, म्हणून त्यांचे पायलट अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, फ्रान्समध्ये आणि करारानुसार आपल्या बंगालमधल्या कलाईकुंडा तळावरही सराव करतात. माणसाचं रक्त, धाडस, नजर यांत देशादेशांत फार फरक मला कधी दिसला नाही. निवड नीट केली तर प्रत्येक देशात हजारातून पाच-दहा चांगले हात सापडतात.

फरक पडतो तो पुढे. मी एकच गोष्ट बघतो: ज्याला लढाईतलं खरं काही कळलंय, असा पायलट त्या देशात नंतर कुठे जातो?

दुसऱ्या महायुद्धाचंच बघा. जर्मनीचा एरिक हार्टमान, खात्यावर ३५२ विमानं. अमेरिकेचा सर्वोच्च एस (पाच किंवा जास्त विमानं पाडलेला पायलट) रिचर्ड बाँग, खात्यावर ४०. आकड्यांवर गेलात तर जर्मन पायलट नऊपट भारी. पण जर्मन पायलट मरेपर्यंत, जखमी होईपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत आघाडीवरच उडत राहायचा. बाँगला चाळीसनंतर घरी पाठवलं. जपानचंही तसंच. युद्धाआधी जपानी नौदल इतकी कडक निवड करायचं की त्यांचे १९४१ चे पायलट बहुधा जगात सर्वोत्तम होते. साबुरो साकाई ऑगस्ट १९४२ मध्ये डोक्यात गोळी लागलेल्या, एक डोळा गेलेल्या अवस्थेत ग्वादलकनालहून राबाउलपर्यंत पावणेपाच तास झीरो हे जपानी लढाऊ विमान उडवत परत आला. पण असे लोक सॉलोमन बेटांवर एकेक करून संपले आणि त्यांच्यामागून येणाऱ्या पोरांना शिकवायला पुरेसं कोणी उरलं नाही. त्याच वर्षी मिडवेच्या लढाईनंतर अमेरिकेने जिमी थॅचला, ज्याने झीरोविरुद्धची जोडीने विणत उडण्याची युक्ती काढली होती, आघाडीवरून काढून शिकवायला बसवलं. इतका चांगला लढवय्या ऐन युद्धात वर्गात! त्या वेळी कुणालाही हे वेडेपणाचं वाटलं असतं. दोन वर्षांनी, १९ जून १९४४ ला, फिलिपाइन समुद्रावर एका दिवसात जपानची तीनशेच्या आसपास विमानं गेली. अमेरिकी खलाशांनी त्याला टर्कीची शिकार म्हटलं. समोर बसलेली पोरं भित्री नव्हती, त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

त्याच सुमारास जर्मनीचे तेलकारखाने बॉम्बखाली आले. पेट्रोल नाही म्हणून शिकाऊ तास कापले. १९४४ मध्ये नवा जर्मन पायलट तुकडीत यायचा तेव्हा त्याचे उड्डाणतास समोरच्या अमेरिकी नवख्याच्या निम्म्याहून कमी असत.

कोरियाच्या युद्धात हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. उत्तर कोरिया आणि चीनच्या बाजूच्या मिग-१५ मध्ये बसलेले बरेचसे पायलट प्रत्यक्षात सोव्हिएत होते. १९५१ मध्ये आलेल्या पहिल्या तुकड्या जबरदस्त होत्या. त्यातल्या एका डिव्हिजनचा प्रमुख कोझेदुब, दुसऱ्या महायुद्धात ६२ विमानं पाडलेला; त्याला स्वतःला मात्र उडायला मनाई. पण सोव्हिएत पद्धत अशी की तुकडी बदलायची तर अख्खीच बदलायची. १९५२ च्या सुरुवातीला जुने सगळे एकदम परत गेले, नवे सगळे एकदम आले, आणि जे शहाणपण रक्त सांडून मिळवलं होतं ते आगगाडीत बसून मॉस्कोकडे निघून गेलं. अमेरिकी सेबर पायलट शंभर मोहिमा झाल्या की एकेकटा घरी जायचा. त्यामुळे कुठल्याही सकाळी क्रू-रूममध्ये नवा, मधला आणि जुना शेजारी शेजारी चहा पीत बसलेले असत. बदलीचं वेळापत्रक ही कारकुनी बाब वाटते, पण तिच्यावर माणसं जगतात-मरतात.

अमेरिकाही हा धडा गिरवून गिरवून विसरली, हेही सांगायला हवं. व्हिएतनामपर्यंत त्यांची खात्री झाली होती की क्षेपणास्त्रं आली, आता डॉगफाइट, म्हणजे जवळून वळणं घेत लढणं, संपलं. एफ-४ फँटमला सुरुवातीला तोफच नव्हती. हवाई दलाने शंभर मोहिमांचा नियम ठेवला, पण परत जाणाऱ्यांची जागा भरायला बॉम्बर आणि मालवाहू विमानांवरचे पायलट थोडक्या प्रशिक्षणावर फायटरमध्ये बसवले. म्हणजे फिरवणं हेही दुधारी आहे. नौदलाचं प्रमाण आपलं एक पडलं तर शत्रूची दोन-अडीच, इथवर घसरलं. मग याची कारणं शोधणारा कॅप्टन फ्रँक ऑल्टचा अहवाल आला, आणि मार्च १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामारला एका जुनाट ट्रेलरमध्ये नौदलाची फायटर वेपन्स स्कूल सुरू झाली. तीच टॉपगन. तिथे चपळ ए-४ विमानं मिगची भूमिका करायची. महत्त्वाचं हे की शिकून गेलेला पायलट आपल्या स्क्वाड्रनमध्ये परत जाऊन मास्तर व्हायचा. १९७२ मध्ये पुन्हा हवाई लढाया पेटल्या तेव्हा नौदलाचं प्रमाण एकास बारा झालं. त्याच आकाशात, तशाच फँटममध्ये, हवाई दल एकास दोनच्याच आसपास राहिलं. देश एक, विमान एक, शत्रू एक. तुलना करायची तर मला याहून स्वच्छ प्रयोग माहीत नाही.

हवाई दलाचे डोळे मग उघडले. पहिल्या दहा मोहिमांतून जो वाचतो त्याची पुढे जगण्याची शक्यता एकदम वाढते, हे दिसत होतं. मग त्या पहिल्या दहा मोहिमा घरीच का उडवून घेऊ नयेत? नोव्हेंबर १९७५ मध्ये नेवाडातल्या नेलिस तळावर रेड फ्लॅग हा युद्धसराव पहिल्यांदा झाला, तो याच हिशोबाने.

आता उड्डाणतासांबद्दल. लोक तासांची तुलना करतात, आणि ती चुकीची नाही. नाटोत वर्षाला १८० तास हे मानक धरतात. नव्वदच्या दशकात रशियात इंधनाला पैसे नव्हते, तेव्हा तिथले चांगले चांगले पायलट वर्षाला पन्नास तासांच्याही खाली आले. हे कौशल्य गाण्याच्या गळ्यासारखं आहे, रियाझ सुटला की आठवड्यात कळतं. मी तीन आठवड्यांच्या रजेवरून आलो की पहिल्या सॉर्टीत, म्हणजे उड्डाणात, हात लाकडाचे झालेले असायचे आणि पाच जीला, म्हणजे अंगाचं वजन पाचपट होतं तेव्हा, मान दुखायची. पण तास हे कच्चं धान्य आहे. शिजवायचं ते जमिनीवर, डीब्रीफमध्ये, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेत.

माझाच प्रसंग. मी नवा फ्लाइंग ऑफिसर, विंगमन, म्हणजे लीडरच्या जोडीला उडणारा. दोनास दोन अशी सॉर्टी, एका वळणात चार-पाच सेकंद लीडर माझ्या नजरेतून सुटला. त्याने रेडिओवर विचारलं आणि मी ‘व्हिज्युअल’ म्हणालो, म्हणजे दिसतोय. दिसत नव्हता. लाज वाटली म्हणून म्हणालो. खाली आल्यावर फळ्यावर निळ्या खडूने आमची दोघांची, लाल खडूने समोरच्यांची वाट काढायला सुरुवात झाली. लीडर स्क्वाड्रन लीडर होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. सुरुवात त्याने स्वतःपासून केली: ‘इथे मी न सांगता वळलो. चूक माझी. लिहा.’ मग खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘या वेळी मी कुठे होतो, काढून दाखव.’ मला काढता येईना. पाऊण तासाची सॉर्टी, त्या चार सेकंदांवर अडीच तास. ओरडा एकदाही नाही. पण हवेत पुन्हा कधी खोटं ‘व्हिज्युअल’ माझ्या तोंडून निघालं नाही.

आणि मी अशाही एका ठिकाणी बसलोय, नाव सांगत नाही, जिथे वरिष्ठाचा विषय आला की फळा पुसला जायचा, ‘सर, वारा जास्त होता’ म्हणून. तिथली पोरं आकाशात हुशार होती आणि तीन वर्षांत जिथल्या तिथेच राहिली.

इस्रायलची ख्याती इथूनच येते. त्यांचा उड्डाण अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा, गळती प्रचंड, आणि डीब्रीफमध्ये हुद्दा दाराबाहेर ठेवायचा ही रीत. शिवाय नोकरी सोडलेला पायलट राखीव दलात नियमित उडत राहतो, म्हणजे चाळिशीतला अनुभव विमान कंपनीत जाऊनही पूर्ण हातचा जात नाही. जून १९८२ मध्ये बेका खोऱ्यावर त्यांनी सीरियाची ऐंशीहून जास्त विमानं पाडली, हवाई लढाईत स्वतःचं एकही न गमावता. मात्र यातून सीरियन पायलट वाईट असा निष्कर्ष काढू नका. ते सोव्हिएत पद्धतीत वाढलेले. त्या पद्धतीत जमिनीवरचा कंट्रोलर रडारवर बघून सांगतो: इतक्या दिशेला वळ, इतकी उंची घे, आता डाग. इस्रायलने तो रेडिओच जॅम केला. ज्याला आयुष्यभर कुणीतरी वाट सांगितली, तो अचानक आंधळा आणि बहिरा झाला. उलट उदाहरणही आहे. जर्मनी एक झाल्यावर पूर्व जर्मनीची मिग-२९ आणि तिथले काही पायलट लुफ्तवाफमध्ये आले. हेल्मेटमधून निशाणा साधणारी तीच विमानं, पण आता निर्णय कॉकपिटमध्ये. सरावात त्यांच्याजवळ जाऊन वळणाची लढाई करणं नाटोच्या पायलटांना चांगलंच महागात पडायचं.

आता आपलं. आपल्याकडच्या हाताच्या कौशल्याबद्दल मला कधीच शंका नव्हती, आणि त्यामागे एक कडू कारण आहे. १९८२ मध्ये लाफाँतेन समितीने सांगितलं की प्रगत जेट ट्रेनर हवा. तो, म्हणजे हॉक, बिदरला दाखल झाला २००८ मध्ये. मधली पंचवीस वर्षं मुलगा किरणवरून उतरून थेट मिग-२१ मध्ये चढायचा. किरण हे निवांत, माफ करणारं विमान. मिग-२१ धावपट्टीला टेकतं तेव्हा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर, आणि दोन आसनी मिगमध्ये मागे बसलेल्या प्रशिक्षकाला पुढचं काही दिसत नाही, धावपट्टी पेरिस्कोपमधून बघायची. मी त्या मागच्या कॉकपिटमध्ये बसलोय. समोर मुलाच्या सीटची पाठ, वर त्या इवल्याशा आरशात नाचणारी धावपट्टी, आणि उजवा हात स्टिकपासून दोन बोटं दूर, धरायचा नाही पण सोडायचाही नाही. जे या गाळणीतून पार पडले ते अफलातून निघाले. जे पडले त्यांच्या आयांना आपण ‘पायलट एरर’ असं दोन शब्दांत कळवलं. आपण एक नंबर, असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं.

आपली भक्कम बाजू दुसरी आहे. १९७१ मध्ये, युद्धाच्या आधीच, हवाई दलाने डावपेच शिकवणारी स्वतंत्र तुकडी उभी केली. तीच आज ग्वाल्हेरची टॅकडी. तिथून तयार झालेला पायलट स्क्वाड्रनमध्ये परत जाऊन शिकवतो. पाकिस्तानने १९७६ मध्ये सरगोध्याला कॉम्बॅट कमांडर्स स्कूल काढलं, काम तेच. दोन्ही हवाई दलं एकाच रॉयल इंडियन एअर फोर्सच्या पोटातून आलेली आहेत, ब्रीफिंगची भाषासुद्धा भावंडांसारखी. टीव्हीवर त्यांची टिंगल करणाऱ्यांपैकी कोणी त्यांच्यासमोर उडालेलं नसतं.

सरावांच्या बातम्यांबद्दल एक विनंती: त्यांच्यावरून काहीही ठरवू नका. २००४ मध्ये ग्वाल्हेरला कोप इंडियात आपण अमेरिकी एफ-१५ ना भारी पडलो, हे खरं. पण ते संख्येने कमी होते, आणि त्यांच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचे दात नियमांनी काढून ठेवले होते. २००८ च्या रेड फ्लॅगला आपण सुखोई-३० नेलं, तेव्हा आपलं रडार प्रशिक्षण मोडमध्येच ठेवलेलं आणि डेटालिंक, म्हणजे विमानांनी आपसात माहिती पाठवायची सोय, इतरांशी न जुळणारी. २०१५ मध्ये इंग्लंडला इंद्रधनुष सरावात ब्रिटनच्या टायफून विमानांविरुद्ध बारा-शून्य अशी बातमी आली, ब्रिटिशांनी ती मानली नाही. सरावात नियम आदल्या दिवशी ठरतात, कुणी काय झाकायचं तेही. हरून शिकलेला जास्त घेऊन घरी जातो.

तरीही क्रमवारी हवीच असेल तर माझं मत देतो, पटलं तर घ्या. चार देशांची साठ-सत्तर विमानं, टँकर, जॅमर, रडार-विमान सगळं एका मोहिमेत बांधून नेणं यात अमेरिकेच्या जवळपास कोणी नाही. लहान हवाई दलातून जास्तीत जास्त पिळून काढण्यात इस्रायल. तुटपुंज्या साधनांत, मिळेल त्या विमानात हाताची करामत, यात भारत आणि पाकिस्तान दोघेही. ब्रिटन अजून उत्तम शिकवतं, पण २०२२ च्या सुमारास त्यांची तरुण मुलं पुढच्या कोर्सची वाट बघत वर्षानुवर्षं कार्यालयात बसून होती.

माझं लक्ष असतं चीनकडे. नोव्हेंबर २०१५ मध्ये थायलंडच्या कोराट तळावर त्यांची जे-११ विमानं थायलंडच्या ग्रिपेन लढाऊ विमानांसमोर उभी राहिली. जवळच्या लढाईत चिनी पायलटांनी ग्रिपेनला लोळवलं. लांबून, नजरेपलीकडे, ग्रिपेनने त्यांना धुतलं. हे आपल्याला कळलं कसं? त्यांच्याच एका चाचणी वैमानिकाने चार वर्षांनी विद्यापीठात व्याख्यान देऊन आपल्या पोरांच्या चुका एकेक करून सांगितल्या, आणि ते बाहेर फुटलं. जो देश ठरवून दिलेल्या नाटकासारखे सराव करायचा, तिथे कोणीतरी निळा आणि लाल खडू हातात घेतलाय. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनने इशारा दिला की त्यांचे सुमारे तीस माजी लष्करी पायलट भरभक्कम पगारावर चिनी पायलटांना शिकवायला गेलेत. लूप आणि रोल या कसरती शिकायला इतके पैसे कोणी मोजत नाही.

राहिला भाचा. त्याला सांगा, निवड मंडळात पायलटसाठी जी संगणकावरची चाचणी असते, सीपीएसएस, ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाला तर फ्लाइंग ब्रँचचं दार कायमचं बंद, बाकीच्या शाखा खुल्या राहतात. म्हणून रात्रभर रेल्वेने जनरल डब्यात उभं राहून डेहराडूनच्या निवड मंडळाला जाऊ नये, एक दिवस आधी पोचून झोपावं. आणि पुढे दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत पोचलाच, तर रात्री खोलीत खुर्चीवर बसून, डोळे मिटून, डाव्या हातात थ्रॉटल समजून पाण्याची बाटली आणि उजव्या हातात गुंडाळलेला पेपर घेऊन उद्याची सॉर्टी तोंडाने बोलत उडवायची असते. आमच्या खोलीतला एक जण त्यासाठी घरून लाटणं घेऊन आला होता. हसू नये, तो कोर्समध्ये सगळ्यांत आधी सोलो, म्हणजे एकट्याने उडायला, गेला.